रेघ ओढलेला बोल्ट

४ मार्च, सोमवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुमची कंबर, लेकीची झोप आणि बाळाचं पोट, तिन्हींची चौकशी केली असं समजा. इकडे आम्ही दोघे भाऊ जिवंत आहोत. तुमच्या कुंड्याही जिवंत आहेत. फक्त जिन्यातला गुलाब रुसलाय, त्याची समजूत तुम्ही आल्यावर काढा.

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही विचारणारच. फोनवर दादा शेजारी उभा असतो, आणि मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल. शिवाय हल्लीच्या फोनना आवाजच नसतो. समोरचा माणूस विहिरीत बसून बोलतोय असं वाटतं.

बातमी अशी, की तुमची सवत पुन्हा पायांवर उभी राहते आहे. इतकी वर्षं गॅरेजात ताडपत्रीखाली झोपलेली आपली जुनी जपानी गाडी, आमची नाकाडी, आता गाडीसारखी दिसायला लागली. लांब नाक तेच, पण आतलं बरंचसं दादाने बदलायला घेतलंय. ब्रेक नंतरच्या मॉडेलचे, मोठे. गिअरबॉक्स पाच गिअरांचा. स्प्रिंगा आधी शर्यतीच्या कडक बसवल्या होत्या. मग स्वतःच तुमच्या सीटवर बसून दोन-तीनदा उड्या मारल्या आणि "हिच्या कंबरेला हे झेपायचं नाही" म्हणत निमूट काढल्या. कारण महिनाअखेरीला तो तुम्हाला लेकीकडून आणायला हीच गाडी घेऊन येणार आहे, डोंगरातल्या रस्त्याने. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, तेव्हा आश्चर्य वाटल्याचं नाटक नीट वठवा.

आता जे सांगायचंय ते. आमची पद्धत तुम्ही पाहिली आहेच. दादा टॉर्क पान्याने बोल्ट आवळतो. हवा तेवढा ताण बसला की पाना 'कट्' असा आवाज करतो. तो आवाज आला की मी ब्रश घेऊन पिवळी रेघ ओढतो, बोल्टच्या डोक्यावरून थेट खालच्या लोखंडापर्यंत. रेघ ओढली म्हणजे काम पक्कं, पुन्हा हात लावायचा नाही. नंतर बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लगेच दिसतं. तरुणपणापासून हे असंच चालत आलंय आणि यावरून आमचं कधी वाजलेलं नाही. आमचं कशाकशावरून वाजतं हे तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा ही मोठीच गोष्ट.

परवा दादा फिरायला गेला होता आणि मी पुढचं चाक पुसत होतो. ब्रेकच्या एका बोल्टवर रेघ होती, आणि बोल्ट सैल होता. बोटांनी फिरला, वहिनी! मी घाबरून आधी तो आवळून टाकला. रेघ तुटलेली होती की सलग होती, हे बघायचं सुचलंच नाही. ती बघितली असती तर बोल्ट मुळात आवळलाच नव्हता की नंतर सैल झाला, हे लगेच कळलं असतं. एवढी साधी गोष्ट मी हातानेच पुसून टाकली.

दादाचं वय झालंय का? परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होता. बोलतोही हल्ली तोंडातल्या तोंडात, मला प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागतं. विचारलं की चिडतो. मला काही सुचत नाही. त्याला सांगावं तर त्याचं मन मोडेल, न सांगावं तर तुम्ही त्या गाडीत बसणार आहात.

बाकी ठीक. नवी किटली अगदीच फालतू निघाली, शिट्टीच देत नाही, दोनदा कोरडी जळली. समोरचे घड्याळवाले काका रेडिओ बारीक करा म्हणून सांगून गेले. म्हातारपणी माणसं किती चिडकी होतात.

तुमचा,
कानसेन


१३ मार्च, बुधवार

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. बाळ तुमच्यावर गेलंय म्हणता, म्हणजे घरात आता बोलणाऱ्यांची संख्या वाढणार.

"फोन वाजून वाजून बंद होतो, तुम्ही घरात असून उचलत का नाही?" असं तुम्ही रागावून विचारलंत. खरंच सांगतो, वाजलाच नाही. त्या फोनचंही काहीतरी बघायला हवं. आणि तुमचा दुसरा प्रश्न, "बोल्ट दादा आवळतात, पण आवाज आला हे ठरवतं कोण?" हे वाचून मला आधी हसू आलं, मग थोडा राग आला, आणि मग पत्र घडी करून खिशात ठेवलं. दोन दिवस ते खिशातच होतं. ठरवतो मीच. नेहमी मीच ठरवत आलो. म्हणून तर लग्न होऊन आल्या आल्या तुम्ही माझं नाव कानसेन ठेवलंत.

पण माझं काय ते नंतर बघू, आधी दादाचं ऐका. परवा मी दूध घेऊन परत आलो तर तो गाडीखाली होता. मला पाहिलं नाही. मी रेघ ओढलेला एक बोल्ट त्याने पान्याने चक्क सैल केला! मग पुन्हा आवळला, जुनी रेघ चिंधीने पुसली आणि नवी ओढली. मग पुढचा बोल्ट. मी दुधाची पिशवी घेऊन तसाच मागे सरकलो आणि फाटक मुद्दाम आपटून पुन्हा आलो. तोवर तो शहाण्यासारखा स्टुलावर बसून चष्मा पुसत होता.

नंतर मी एकेक बोल्ट तपासला. अर्ध्याहून जास्त रेघा माझ्या नाहीत, वहिनी. मी बारीक ओढतो. दादाचा हात भिंत रंगवणाऱ्याचा. आवळलेलं सैल करायचं आणि पुन्हा आवळायचं, याला काय म्हणायचं? तो विसरतो, म्हणून तेच तेच काम पुन्हा करतो? की मलाच काहीतरी दिसेनासं झालंय? रात्री जेवताना तो इतका नीट वागला, मला लोणचं वाढलं, की मला स्वतःचीच शंका यायला लागली.

इंजिन मात्र सुरू झालं. दादा लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होता. आता उरलंय ते माझं काम. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढताहेत की नाही, ते रबरी नळी कानाला लावून ऐकायचं आणि दोन्हींचा फुसफुसाट जुळवायचा. दादाला ते कधीच जमलं नाही. "घे, तुझा प्रांत," म्हणून त्याने नळी माझ्या हातात दिली. मी लावली. डावीकडे लावली, उजवीकडे लावली, स्क्रू थोडा फिरवून पाहिला. मग म्हणालो, नळी आतून कुजली आहे, नवी आणू. तो काहीच बोलला नाही. किंवा बोलला असेल.

एवढंच लिहितो. मन थाऱ्यावर नाही. त्या गाडीतून यायचं की बसने, ते तुम्हीच ठरवा, पण माझं नाव सांगू नका.

तुमचा,
क.


२२ मार्च, शुक्रवार

प्रिय वहिनी,

नळी ठणठणीत आहे.

हे वाक्य गेल्या पत्रात लिहायला हवं होतं. कागदावर टेकवलेलं पेन उचलून मी दुसरंच लिहिलं. मला त्या नळीतून काही ऐकू आलं नाही. डावीकडूनही नाही, उजवीकडूनही नाही.

काल दादाला मी शेवटी विचारलंच. गॅरेजात चहाची तयारी होती, शेगडीवर किटली, आणि मी तावातावाने म्हणालो, "तू आवळलेले बोल्ट चोरून सैल का करतोस? तुला आठवत नाही का आवळलेले?"  तो काहीतरी म्हणाला. मी म्हटलं, "मोठ्याने बोल, पुटपुटू नकोस."

तो अगदी जवळ आला, माझे दोन्ही खांदे धरले आणि मला शेगडीकडे वळवलं. किटलीच्या तोंडातून वाफेचा फवारा उडत होता. झाकण थडथडत होतं. मी बघत होतो, पण गॅरेज शांत होतं.

"कधीची ओरडतेय," तो म्हणाला. हे ऐकू आलं, तोंड समोर होतं म्हणून.

मी स्टुलावर बसलो आणि रडलो, वहिनी. या वयात, हाताला ग्रीस, त्यामुळे तोंडालाही ग्रीस. मला भीती बहिरेपणाची नव्हतीच. आवळायला दादा, ऐकायला मी, अशी आमची वाटणी. ऐकणंच गेलं तर त्या गॅरेजात माझं काय काम? म्हणून मी त्याच्या हाताकडे बघून अंदाजाने रेघा ओढत होतो, आणि दोष त्याच्या डोक्यावर टाकत होतो. तुम्ही त्याच ब्रेकच्या भरवशावर डोंगर उतरणार आहात हे माहीत असूनही. या एका गोष्टीची मला फार लाज वाटते.

दादाला हे केव्हाचंच ठाऊक होतं. 'कट्' व्हायच्या आधीच मी रेघ ओढतो हे त्याने पाहिलं होतं. मला तसं सांगायचं त्याला धाडस होईना, म्हणून तो मी बाहेर गेलो की प्रत्येक बोल्ट सोडून नव्याने आवळत होता. मी त्याला सांभाळत होतो आणि तो मला. बाहेरून कुणी बघितलं असतं तर दोघांनाही धरून नेलं असतं. तो पहिला सैल बोल्ट? दादा म्हणतो, तो सोडला आणि तेवढ्यात घरात तुमचा फोन वाजला असेल, मी उचलत नाही म्हणून तो धावला असेल आणि आवळायचा राहिला असेल. 'असेल' म्हणतो. त्यालाही नक्की आठवत नाही आणि मी तर रेघ बघितलीच नाही. तो बोल्ट कुणाचा, ते आता कधीच कळणार नाही.

मग त्याने पाना माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "आवळ." मी म्हटलं, ऐकू येत नाही तर कळणार कसं? "आवळ रे गाढवा." मी आवळत गेलो, आणि ताण पुरा झाला तसा पान्याला एक हिसका बसला, तळहातात. 'कट्' हाताला लागतो, वहिनी! इतकी वर्षं पाना दादाच्या हातात होता, मला कसं कळणार? दादाने रेघ ओढली. जाडजूड, वाकडी. आम्ही गाडीचा प्रत्येक बोल्ट असा पुन्हा केला. आवळायला मी, ऐकायला आणि रंगवायला तो.

कार्ब्युरेटरनी मात्र घाम काढला. दादा नळी कानाला लावून सांगतो, "दोन्हीकडे सारखंच फुस्स." शेवटी मी इंजिनावर पाण्याचा पेला ठेवला. पाणी कमीत कमी थरथरलं तिथे स्क्रू सोडून दिले. माझा जुना कान याच्यापेक्षा बारीक होता, हे मी सांगणारच. पण गाडी गुळगुळीत चालते असं दादा म्हणतो, आणि त्याच्यावर विश्वास ठेवण्याची मला आता सवय करायची आहे.

कानाच्या डॉक्टरांकडे सोमवारी जातोय. यंत्र लावा म्हणतील. लावावं की नाही, लावलं तर तुमचं सगळं बोलणं ऐकावं लागेल, अशा द्विधा मनःस्थितीत आहे. हा विनोद होता. तुम्ही समोर असतात तर हसलात की नाही ते दिसलं असतं.

बसने येऊ नका. गाडीने या. एकेक बोल्ट माझ्या हाताखालून गेलाय.

एकच गोष्ट. पूर्वी नाकाडी कोपऱ्यावर वळली की इथे बसून मला आवाज कळायचा आणि तुम्ही पोचेपर्यंत फाटक उघडं असायचं. या वेळी कळणार नाही. दादा म्हणतो, वळलो की दिवे लावीन. पण तो बोलण्याच्या नादात विसरेल, तुम्ही आठवण करा. हॉर्न वाजवत बसू नका. मी सकाळपासूनच फाटक उघडून रस्त्याकडे बघत उभा असेन.

तुमचा भाऊजी
(कानसेन हे नाव ठेवायचं की परत घ्यायचं, ते तुम्हीच सांगा. पण समोर उभं राहून.)