पाचवं शील

ईट, १९७३

अक्का, जयभीम.

पंचशील म्हणताना दारूचं पाचवं शील आलं की मी गप ऱ्हायचो, तुला ठाव हाय. आता दुष्काळी कामावरनं सुटल्यावर, दारू सोडणारे आमी सहा जण दर शनिवारी विहारात बसतो. ज्यानं आठवड्यात घेतली, त्यानं पाचव्याला गप ऱ्हायचं. कुणी बोल लावत न्हाय. वाटंत गुत्ता लागतो, म्हणून आमच्यातला आबाराव तेवढा त्याला घरापतोर सोडतो. माझ्यासंगं तो नऊ शनिवार चालला.

परवा म्या पाचवं शील मोठ्यानं म्हणलं. आबाराव म्हणला, "आज एकटा जा."

'सोडली' म्हणून तुला लई पत्रं धाडली, म्हणून हे पत्र टपालात टाकत न्हाय. रविवारी परंड्याला येऊन तुझ्या हातात देतो. दारातच तोंडाचा वास घे, मग पाणी दे.

तुझा धाकटा,
श्रीपती