पाचापैकी पाच

४ मार्च
चष्मा कपाळावरच हाय तुमच्या, शोधत बसू नका. मला अक्षर आलं न्हाय, पण अक्षरवाला नवरा मिळाला, तो असा. लिवा. गळ्याला शेंगदाण्याएवढी गाठ. कोल्हापूरला सोनोग्राफी झाली. गाठीला नंबर देतात म्हणे, एक ते पाच. मला पाच! शाळेचं तोंड न बघता पैकीच्या पैकी. पेढे वाटले. तुम्ही खाल्ले, विसरला, परत खाल्ले.

५ मार्च
डॉक्टर म्हणाले, सुई घालून तपासू. पहिल्या नंबरवालीची परत परीक्षा कशाला? पुढं बरंच समजावत होते, पण एसटी चुकली असती.

११ मार्च, दुपार
गल्लीतल्या क्रांतीच्याबी गळ्याला गाठ, तिला चार. रडत होती. सांगितलं, अगं, फर्स्ट क्लास हाय! सुईची तारीख मोडायला लावली. हसली. चहा घे म्हणाली. घेतला न्हाय, आपण जैन, तिच्या घरात कांदा असतोय. अंबूबाईला दोनच. धीर दिला, पुढच्या खेपेला वाढतील.
संकल्प: रोज ओट्यावर बसून बायकांना रिपोर्ट समजावायचे.

२० जून
आवाज बसलाय. लोणचं बाधलं. तुम्ही ऐकू येत न्हाय म्हणता. कान तपासा.

२ सप्टेंबर
गाठ सुपारीएवढी. घास अडतोय. पर्युषणाचे उपास धरले, घासाचा प्रश्नच मिटला.

१९ ऑक्टोबर
नात आदिती दिवाळीला आली. नर्सिंग शिकतीया. रिपोर्ट दोनदा वाचला. म्हणाली, आज्जी, हे मार्क न्हवंत, संशय हाय. दोनला भ्यायचं कारण न्हाय. चार-पाचला संशय जास्त, म्हणून तर सुई. पाच म्हणजे कॅन्सरच असं न्हाय, पण बघायला पायजे होतं.
म्हणजे अंबूबाई पास. क्रांतीचं विचारलं, तर पोरगी म्हणाली, तिची सुई झाली का?
तुम्हाला विचारलं, वाचता येतंय की तुम्हाला? म्हणालात, वाचलंवतं, पण तू एवढी खूश होतीस.
हेही लिवा.

२० ऑक्टोबर
क्रांतीच्या दारात गेले. आवाज फुटेना. हातानं सुई दाखवली. म्हणाली, तुम्हीच नको म्हणालता की, आज्जी.

१२ नोव्हेंबर, दवाखाना
दोघींच्याही सुईत तेच निघालं, कॅन्सर. माझं पसरलंय. उद्या ऑपरेशन. आवाज परत येईल का, डॉक्टरांना विचारलं न्हाय. हो म्हणाले असते तर खरं वाटलं असतं.
क्रांती शेजारच्या खाटेवर हाय. तोंड भिंतीकडं.
कान जवळ आणा. घरी जाऊन मुगाची पातळ खिचडी पाठवा, दिवस मावळायच्या आत. डबे दोन. तिच्या डब्यात कांदा घाला. आपल्या चुलीवर आजवर शिजला न्हाय, ठाऊक हाय. तरी घाला. आणि चमचे विसरू नका.