विलायती घार आणि मैनाबाईंची बरबटी

हिवरखेड, ता. तेल्हारा
पोळ्याच्या आधीचा सोमवार

आदरणीय किसनराव,

हिवरखेडहून भगवंताचा मनापासून रामराम. तुमचा खोकला आता कसा आहे? चतुराबाई वहिनींचे गुडघे काय म्हणतात? आंबिया बहाराची फळगळ थांबली का, की यंदाही संत्री झाडावर कमी आणि झाडाखाली जास्त अशीच गत आहे? इकडं सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं विचाराल तर क्षेम म्हणण्यासारखी घरात एक म्हैस उरली आहे, आणि तीही माझ्याशी नीट वागत नाही. घरोघरी फोन असताना हा माणूस पत्र काहून लिहून राहिला, असं तुम्ही वहिनींना विचाराल. त्याला कारण आहे, ते शेवटी सांगतो. (आधी सांगितलं तर तुम्ही पत्र पुढं वाचणार नाही.)

तुमच्या भगिनी मैनाबाई आषाढाच्या आधीपासून शेंदूरजनाघाटला तुमच्याकडं आहेत. बरबटीच्या (पुण्या-मुंबईकडं जिला चवळी म्हणतात तिच्या) बियाण्याचं प्रकरण त्यांनी त्यांच्या बाजूनं सांगितलं असेलच, आणि त्या सांगतात तेव्हा दुसरी बाजू शिल्लक राहत नाही हे तुम्ही लहानपणापासून जाणता. तरी मी माझी बाजू लिहितो. या प्रकरणातला मुख्य आरोपी मी नाही, एक घार आहे. ती इथली नाही, विलायतेतल्या स्कॉटलंडची आहे. आणि ती आमच्या घरात आणली तुमच्या रागिणीनं.

अमरावतीच्या लग्नात, पंगत बसायला उशीर होता म्हणून, रागिणीनं आत्याच्या फोनमध्ये ते लावून दिलं. एका उंच झाडाच्या शेंड्यावर घारीचं घरटं आणि त्यावर कॅमेरा. तिकडं घार काय करते ते इकडं त्याच क्षणी दिसतं. ऑस्प्रे म्हणतात म्हणे तिला, फक्त मासोळीवर जगते. झालं! लग्न लागलं, वरात निघाली, नवरा-नवरी कसे होते हे मैनाबाईंना आजही सांगता येणार नाही, पण घारीनं दुसरं अंडं कोणत्या दिशेला तोंड करून घातलं ते विचारा. घरी आल्यावर फोन चुलीजवळ डब्याला टेकवून उभा राहू लागला. बाहेर ऊन असं की चप्पल अंगणात राहिली तर पाय घालायची सोय नाही, आणि फोनमध्ये दिवसभर रिमझिम पाऊस. आमच्या घरात मासोळीचा वास कधी आला नाही, पण त्या उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा ताजी मासोळी आली. घारीच्या नराला त्या जवाईबुवा म्हणत. जवाईबुवा मासोळी आणत, पण तिचं मुंडकं आधी स्वतः खाऊन मग बायकोला देत. मी म्हटलं, पाहा, उष्टं आणतो. तर म्हणाल्या, "आणते तरी!" जवाईबुवा काटकी-काटकी आणून घरटं सावरत, तेव्हा मोरीवरच्या टिनाचा विषय निघे. (ते टिन वादळात उडालं तसं आजही उडालेलंच आहे. विषय मात्र जागेवर आहे.) एका पाखरामुळं या वयात मी नवरा म्हणून नापास झालो, किसनराव, आणि माझा पेपर तपासायला पाखराला बसवलं होतं.

आता मुख्य मुद्द्याकडं येतो. आपल्याकडं मृगाआधी टिटवीची अंडी पाहतात, तुमच्याकडंही पाहतच असतील. चार अंडी तर चार महिने पाणी, तीन तर तीन. उंचवट्यावर घातली तर पाऊस जोराचा, खोलगटात घातली तर कमी. आमच्या गावात हा मान नत्थुजीचा. पण गेल्या साली कपाशी बोंडअळीनं खाल्ली, त्याच्या मागच्या साली भर फुलात पावसानं पाठ फिरवली, आणि यंदा नत्थुजी आठवडाभर नाल्यानं उन्हातान्हात फिरला तरी टिटवी काही सापडली नाही. नाला यंत्रानं खोदून सरळ केला, तेव्हा ती कुठं गेली कोण जाणे. पारावर माणसं नुसती बसून राहायची. आभाळाकडं पाहायचं आणि तंबाखू मळायची. सरकारी खातं सांगत होतं की पुरेसा पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, पण पुरेसा पाऊस पडणार की नाही हे काही सांगत नव्हतं. अशा वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, की आमच्या घरी एक घार तीन अंड्यांवर बसली आहे.

(इथं मी थांबायला पाहिजे होतं. तुम्ही थांबला असता.)

नत्थुजी लगेच उठून घरी आला, आणि त्याच्या मागून सगळा पार. मैनाबाईंनी फोन पुढं केला. त्यानं चष्मा पुसला, अंडी पाहिली, घरट्याची जागा पाहिली, आणि टिटवीच्या नाडीला हात घालणारा तो माणूस पहिल्यांदाच अडखळला, कारण घरटं झाडाच्या पार शेंड्यावर. कावळ्यानं शेंड्यावर घरटं केलं तर पाऊस कमी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ही कावळा नाही. शेवटी म्हणाला, "अंडे तीन हायेत ना? मंग तीन महिने पाणी. इचार काय करून राहिले?" शेजारच्या वावराचा, आमच्या धुऱ्याला धुरा असलेला नबी तेवढा बोलला. स्टँडवर त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. "भगवंतभाऊ, परिंदा बिलायतचा हाये. तो बिलायतचंच पाणी सांगन ना?" यावर मी जे उत्तर दिलं त्याला सगळ्या पारानं मान डोलावली, म्हणून तुम्हालाही सांगतो. मी म्हटलं, पाऊस येतो समुद्रातून, आणि समुद्र काही हिवरखेडचा वेगळा आणि विलायतेचा वेगळा असा नसतो. नबीनं तंबाखूची चिमूट दाढेखाली ठेवली. त्याला पटलं असं मी तेव्हा समजलो.

मग त्या घारीचा गावात थाट काय वर्णावा! नबीनं (मनात काही का असेना) फोन दुकानातल्या मोठ्या टीव्हीला जोडून दिला. पारावरची सगळी माणसं दुकानात. मृगाच्या तोंडावर एका सकाळी अंड्याला चीर पडली आणि आतून चोच बाहेर आली. नत्थुजीनं टोपी काढून टीव्हीला हात जोडले. कोणीतरी गूळ वाटला. मैनाबाईंच्या डोळ्यांत पाणी, आणि खोटं काहून बोलू, माझ्याही. दोन साल काही चांगलं पाहिलं नव्हतं, किसनराव. ओलं, लटपटतं, मुठीएवढं पिल्लू पाहून असं वाटलं की आता काहीतरी उगवेल. नत्थुजी म्हणाला, मुहूर्त याच्याहून चांगला कोणता? पिल्लू निघालं त्या दिवशी ज्यानं मूठभर पेरलं, त्याचं साल पिकलं.

मूठभर पेरायचं, पण काय? कपाशीची पाकिटं अजून दुकानातून यायची होती. मैनाबाई दुपारी तेल्हाऱ्याच्या बाजाराला गेल्या होत्या. आणि माळ्यावर, तुम्हाला माहीत आहे, ते मडकं होतं. तुमच्या मातोश्रींनी लग्नात ओटीत घालून दिलेल्या बरबटीचं बियाणं. दर साली पेरायचं, दर साली शेंगा वाळवून मैनाबाईंनी स्वतःच्या हातानं बी काढायचं, राखेत घोळायचं, वर कडुलिंबाचा पाला घालून मडक्याचं तोंड शेणानं लिंपायचं. आमच्याकडं या बियाण्याला गडीमाणूस हात लावत नाही. पेरायच्या दिवशी त्याच काढून देणार. मी माळ्यावर चढलो, लिंपण फोडलं आणि मूठभर घ्यायला हात घातला. पण बियाणं पाहून माणसाचा हात आखडत नाही. तीन महिने पाणी आहे म्हटल्यावर मूठभरच काहून, असं वाटलं. सगळंच नेलं आणि धुळीत पेरून आलो. मडकं होतं तसं लिंपून ठेवलं. (लिंपण मात्र चांगलं जमलं होतं.)

आठवड्यानं एक सर आली. बरबटी उगवली. मी नबीला धुऱ्यावर बोलावून दाखवली. त्यानंतर आभाळ जे कोरडं पडलं, ते पडलंच. वारा, नुसता वारा. दोन-दोन पानांची रोपं तापल्या मातीत मान टाकत गेली आणि मी बादलीनं पाणी घालत गेलो, विहिरीत गाळ दिसेपर्यंत. आणि घरी यावं तर फोनमध्ये धो धो पाऊस! तिकडं घार पंख पसरून पिल्लांवर छत्रीसारखी बसलेली, पाणी तिच्या पाठीवरून ओघळून राहिलेलं, आणि इकडं मी दारात उभा राहून ते पाहत होतो. असा पाऊस डोळ्यांनी पाहायचा आणि अंगावर थेंब नाही, याच्याएवढी मोठी शिक्षा मी दुसरी भोगलेली नाही. नबी खरं बोलला होता. ती घार तिचंच पाणी सांगत होती.

त्याच पावसात तिसरं पिल्लू मेलं. सगळ्यात लहान होतं, मोठी दोघं त्याच्यापर्यंत घास पोहोचू देत नव्हती. मैनाबाई दिवसभर जेवल्या नाहीत. तिसऱ्या प्रहरी, मन रमवायला म्हणून, बरबटी काढून ठेवू म्हणाल्या, पाऊस आला की पेरता येईल. मी म्हटलं, राहू द्या आज. त्या माळ्यावर चढल्या. मी अंगणात उभा. खाली आल्या, मडकं मोरीवर नेलं, त्यातली राख ओतून स्वच्छ धुतलं आणि पालथं घातलं. मग म्हणाल्या, "माह्या मायचं बियाणं होतं ते. तुमची घार तिकडं पाण्यात भिजून राहिली, अन् तुमी इकडं धुयीत पेरून राहिले!" मी म्हटलं, नत्थुजीनं सांगितलं. त्यावर एवढंच म्हणाल्या, "ते पिल्लू मेलं, पण मरेपर्यंत मायनं पंख नाही काढला त्याच्यावरचा. मले एक मडकं दिलं होतं मायनं, ते मले सांभाळता नाही आलं." म्हणजे दोष स्वतःला लावून घेतला. भांडल्या असत्या तर मी निभावून नेलं असतं. त्या पिशवी घेऊन स्टँडवर गेल्या, आणि मी मागून पिशवी धरायला गेलो तर ती त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

पुढं पाऊस आला. कपाशी लावली, आहे उभी, बोंडअळी ठरवेल काय ते. पारावर आता मला कोणी पाऊस विचारत नाही, विलायतेची खबर विचारतात. भाकरी मी करतो, पण ती ताटात ठेवली की आवाज होतो. म्हशीजवळ मैनाबाईंचं जुनं लुगडं अंगावर घेऊन बसावं लागतं, त्याशिवाय पान्हा सोडत नाही. (हे कृपया वहिनींना वाचून दाखवू नका.) आणि त्या घारीचं म्हणाल, तर पिल्लं उडायला लागली तशी एक दिवस मादी निघून गेली. रागिणीला विचारलं, तर म्हणे त्यांच्यात असंच असतं, बाई आधी जाते, दूर दक्षिणेला. नर मागं राहतो. मी नबीच्या दुकानात जाऊन पाहतो. जवाईबुवा मासोळी घेऊन घरट्यावर येतात, इकडं-तिकडं पाहतात आणि मासोळी पायात धरून तसेच उभे राहतात. एवढे दिवस मी त्यांचा हेवा केला. आता पाहवत नाही. मला घरात करमत नाही, किसनराव. एवढं एक वाक्य लिहायला मी इतकी पानं भरली.

वहिनींना नमस्कार, रागिणीला आशीर्वाद (तिनं आता फोनमध्ये काही लावून देऊ नये).

तुमचा,
भगवंत

ता. क. सासूबाईंच्या जुन्या मडक्या-गाडग्यांत कुठं बरबटीचा दाणा उरला आहे का, वहिनींना गुपचूप पाहायला सांगा. तुम्ही सगळ्या वावरात संत्री लावली तेव्हापासून तुमच्याकडं ती पेरली जात नाही, हे माहीत आहे. तरी पाहा.

आणखी ता. क. वरचं लिहून झाल्यावर वाटलं की खरं ते सांगून टाकावं. मैनाबाईंनी मोरीवर राख ओतली, त्या राखेत दाणे राहिले होते. मी मडकंसुद्धा नीट रिकामं केलं नव्हतं. (माझ्या कामातला हा दोष त्या नेहमी दाखवतात.) मोरीच्या पाण्यावर चार वेल आले आहेत. एकाचा शेंडा बकरीनं खाल्ला, पण तोही फुटला. काटेरी कुंपण केलं आहे. टिन उडालेलं असल्यामुळं ऊन चांगलं मिळतं. नबीनं माझा फोन विटांवर बांधून वेलांपुढं उभा करून दिला आहे, आणि वेल तिकडं दिसायला मैनाबाईंच्या फोनवर काय दाबायचं ते रागिणीला कळवलं आहे. फोन तिथं गुंतला म्हणून हे पत्र. त्यांना म्हणावं, बोलायचं नसेल तर बोलू नका, नुसतं पाहा. मी मधे येणार नाही. पाणी घालताना हात तेवढा दिसेल.

शेवटचं. खालच्या वेलाच्या शेंगा पिवळ्या पडल्या आहेत. मी हात लावलेला नाही, लावणारही नाही. पण वाळली शेंग वेलावर थांबत नाही, तडकते, आणि दाणे मोरीच्या पाण्यानं वाहून जातील. मडकं धुऊन पालथं घातलं होतं, ते तसंच आहे. त्यांना म्हणावं, पोळ्याच्या आत या.