टाकीजवळची लेडीज सायकल

११ जानेवारी, रविवार
पार्किंगमधल्या बेवारस सायकली आज निकालात काढल्या. नोटीस लावून महिना झाला, विचारायला कोणी आलं नाही. सेक्रेटरी पाटील म्हणाले, "सुलभाताई, तुमच्या वडिलांचं विरारला सायकलचं दुकान होतं ना? मग भाव तुम्हीच सांगा." मला तेवढंच हवं होतं. चौदा सायकली. चाक फिरवायचं, फ्रेमचे जोड चाचपायचे, चॉकने लिहायचं: 'विका' नाहीतर 'भंगार'. लोक जमले, मीही रंगात आले. टाकीजवळची गंजकी लेडीज सायकल आली तेव्हा म्हटलं, "ही न्यायची तर भंगारवाल्याला वर आपणच चहा पाजायला हवा." सगळे खो खो हसले. दुपारी टेम्पो भरून गेला.
मजेत गेला दिवस.

१३, मंगळवार
गेटपाशी रोझी. बी विंगमध्ये दोन घरी स्वयंपाक करते, सांडोरहून येते. सासूच्या आजारपणात महिनाभर नव्हती. घामाघूम. विचारलं, "सायकल कुठाय?" म्हणाली, "मोडली," आणि निघून गेली.
वॉचमन ऐकत होता. ती गेल्यावर म्हणाला, "मॅडम, वो टंकी के पासवाली उसीकी थी." सासूचा निरोप आला तेव्हा रिक्षाने तातडीने गेली, सायकल इथेच राहिली. रविवारी ती घ्यायलाच आली होती. गर्दीत मागे उभी. "मैंने बोला, मॅडम को बोलो. बोली, रहने दो, सब हँस रहे हैं."
हसवलं कोणी?

१४
नोटीस होती. महिना दिला होता. सगळं नियमाने.
पण त्या एकाच सायकलचं चाक मी फिरवलं नव्हतं. तेव्हा मी सायकलींकडे बघतच नव्हते, लोकांकडे बघत होते. अण्णा असते तर... दुकानात ते आधी विचारायचे, कोणाची? मग किंमत.


१७, शनिवार
शाळेतून लवकर निघून भंगारवाल्याकडे. मिळाली! ढिगात खाली होती. माझं अक्षर तसंच. तो म्हणाला, "तुम्हीच तर भंगार लिहिलंत, मॅडम." ओढणीने पुसलं. मग चाक फिरवलं. सरळ. फ्रेमला एक तडा नाही. टायर, सीट, तेलपाणी, बस. घेऊन तशीच दुरुस्तीला टाकली.

२५, रविवार
सायकल चालवत सांडोरला गेले. चर्चमधली मिस्सा सुटायच्या वेळी, म्हणजे घरी भेटतील. माफीचं वाक्य वाटभर घोकलं होतं.
रोझी ओट्यावर आली. सायकल बघितली. "ही माझी नाय, मॅडम."
तिचा नवरा मागून, "अगं, आपलीच ना ही, तो घंटीचा..." तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो आत गेला.
"माझी मोडली. तुम्हाला सांगितलं ना."
माफी तशीच राहिली. तिने आत बोलावलं, सरबत दिलं, निघताना वाडीतली केळी बांधून दिली. नको म्हणायचंही धाडस झालं नाही. कॅरियरला तिचीच केळी लावून तिच्याच सायकलवरून परत आले.

२७, मंगळवार
सायकल टाकीजवळ लावली. कुलूप नाही. वॉचमनला सांगितलं, कोणाला हात लावू देऊ नको. पाटील विचारत होते, ही परत कशी आली? म्हटलं, माझी आहे. आणखी एक खोटं.
रोझी आज चालतच आली. बघितलंही नाही.

३०, शुक्रवार
सकाळी खिडकीत होते. रोझी गेटमधून आली, टाकीपाशी थांबली. डबा खाली ठेवला. मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला.
मग वर बघितलं. मी पटकन पडद्याआड. या वयात!
पुन्हा डोकावले तेव्हा डबा नव्हता. सायकल होती. रोझी जिना चढत होती.
संध्याकाळी ती सुटायच्या वेळी खाली जायचं ठरवलंय. काय बोलायचं, ते अजून ठरत नाही.