सगळ्यात घाबरट माणसाचा कौल

प्रिय दांडगोबा,

पत्र बघून दचकू नकोस. माझी तब्येत ठीक आहे, गुडघा कुरकुरत का होईना पण चालतो आहे, आणि गॅस बंद केला की नाही हे बघायला हल्ली मी एकदाच परत घरात जातो. फोनवर बोलता आलं असतं, पण तू "हं बाबा, बोला" म्हणतेस आणि माझं निम्मं बोलणं राहूनच जातं. आज शाळेला सुट्टी आहे. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे. समोरच्या मैदानात एकही मूल नाही, म्हणजे कोणी घसरगुंडीवरून पडायचाही प्रश्न नाही, तरी दोन-चार ओळी झाल्या की मान वर करून बघतोच. आम्हा मुख्याध्यापकांच्या परवाच्या बैठकीत तुझ्या शाळेचं काय झालं हे तुला एक-दोन दिवसांत कचेरीतून कळेलच. पण कचेरीचा निरोप कोरडा असतो, आणि तो हातात पडल्यावर तू माझ्यावर भडकणार हे मला आत्ताच दिसतं आहे. म्हणून आधी माझं ऐकून घे, मग काय भडकायचं ते भडक.

तुला आमच्या लोकशाळांची सगळी कुंडली पाठ आहे. तरी एकदा माझ्या बाजूनं ऐक. मोठ्या बाईंनी पहिली शाळा काढली तेव्हा त्या ऑपरेशन थिएटरमधली नर्सगिरी सोडून आल्या होत्या. वस्तीनं चालवायच्या शाळेला वस्तीतला कामाचा माणूसच मुख्याध्यापक हवा, हा त्यांचा हट्ट. येणाऱ्याला त्या एकच विचारतात, तुझ्या कामानं तुला काय शिकवलं? बाकीचे कागद उघडतसुद्धा नाहीत. सुतारदादा म्हणाले, खोट्या करवतीनं बोटं सांभाळायला कोणी शिकत नाही, आणि त्यांच्या शाळेत दुसरीतली पोरं खरी करवत चालवतात. कारकून काकांनी कोर्टात जन्म घालवला, म्हणून त्यांच्याकडे पेन्सिल चोरल्याच्या तक्रारीचीही दोन्ही बाजू ऐकून रीतसर सुनावणी होते, आणि पोरं तिला पुढची तारीखही मागून घेतात. मी बस चालवायचो. मी सांगितलं की आरशात शेवटचं मूल बसलेलं दिसल्याशिवाय गाडी हलवायची नसते. माझ्या शाळेत अजूनही सगळ्यात मागे राहिलेल्याला कळेपर्यंत धडा पुढे जात नाही. वरच्या वर्गाचा भूगोल कधी संपत नाही तो त्यामुळेच.

आणि मग आमचा तो नियम. कोणाला आपल्या शाळेत काही जगावेगळं करायचं असलं की आम्ही हात वर करून मतं मोजत नाही. त्या गोष्टीला जो सगळ्यात जास्त घाबरतो त्यानं ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि त्यानंच कौल द्यायचा. बाई म्हणतात, "धीट माणसाला विचारून काय मिळणार? तो हो म्हणूनच बसलेला असतो. घाबरलेल्यानं सगळं नीट पाहिलेलं असतं." आता सगळ्यात घाबरट कोण, याची चर्चा आमच्यात कधी करावीच लागली नाही. विषय निघाला की सगळ्यांच्या खुर्च्या माझ्याकडे वळतात. मला सगळे ब्रेकमास्तर म्हणतात ते काय उगाच? करवतीला मीच हो म्हटलं होतं, फक्त औषधाची पेटी हत्यारांच्या पेटीपेक्षा मोठी हवी, एवढ्या अटीवर. सुतारदादा अजून त्यावरून माझी खेचतात.

तू आमच्या बैठकीसमोर येऊन उभी राहिलीस तेव्हा मी मनातून फुगलो होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. गोदामांपलीकडची नवी शाळा, आणि मुख्याध्यापक म्हणून माझी पोर. बाईंनी तो प्रश्न विचारला. तू म्हणालीस, मी पोहायला शिकवते, आणि कधीतरी हात सोडावाच लागतो. इथपर्यंत ठीक होतं. मग तू म्हणालीस की तुझ्या शाळेला बस नको. पोरं घरून आपापली चालत येतील, मोठी धाकट्यांचा हात धरतील, वाटेत एकही मोठं माणूस नसेल. गोदामांचा तो ट्रकचा रस्तासुद्धा तीच ओलांडतील. आणि हे मान्य नसेल तर शाळा दुसऱ्या कोणाला द्या, मी तलावावर परत जाते. खुर्च्या वळल्या. कारकून काकांनी हरकत घेतली की बापानं लेकीचा निकाल कसा द्यायचा, तर बाई म्हणाल्या, नियमात भीती लिहिली आहे, नातं नाही. तू माझ्याकडे बघत होतीस आणि मी पंख्याकडे बघत होतो.

तुझ्या आईबद्दल आपण दोघं कधी बोलत नाही. ती समोरच्या दुकानातून पाव आणायला गेली आणि रस्त्याच्या अलीकडे परत आलीच नाही, यापलीकडे तुलाही मी काही सांगितलं नाही, आणि तू विचारलं नाहीस. त्यानंतर मी लांब पल्ल्याची गाडी सोडून शाळेची बस घेतली. वेळा सोयीच्या आहेत असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तू मला आरशात दिसत राहावीस म्हणून घेतली. पुढे तू तलावावर जायचा हट्ट धरलास, तर मी काठावर बूटमोजे घालून बसायचो, आणि तू तिथल्या पोरींना सांगायचीस की ते कोणाचे तरी दुसरेच बाबा आहेत. मला ऐकू यायचं. राग नाही आला, फक्त बूट काढून बसावं का असं वाटलं, पण मग उडी मारायला उशीर झाला असता का, असा विचार करून तसाच राहिलो. पोहता तर मला येत नव्हतंच. नोकरी लागली त्या वर्षी तू खोली घेऊन वेगळी राहायला निघालीस. बॅग भरता भरता म्हणालीस, "बाबा, तुमच्या भीतीत मला श्वास घेता येत नाही." मी तुझा डबा भरून दिला आणि पोचलीस की फोन कर म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

आता त्या सकाळचं सांगतो. ठरलं असं होतं की पोरं एकटी निघतील, तू शाळेच्या फाटकाशी थांबशील, आणि मी कुठून बघणार हे तुम्हा कोणालाच माहीत नसेल. मी पंक्चरच्या दुकानात टायरांच्या चळतीमागे उभा राहिलो. दुकानदाराला वाटलं, मी कोणाचे तरी पैसे बुडवले आहेत. समोरून एकेक पोर येऊन मिळत गेलं. सगळ्यात पुढे ती दोन वेण्यांची उंच मुलगी, मधे चिल्लीपिल्ली, शेवटी तो गोलमटोल भाऊ आणि त्याची बारकी बहीण. रस्त्याच्या कडेला येऊन सगळी थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, परत डावीकडे. एक टेम्पो जाऊ दिला. पोरं निघाली, अर्ध्यात पोचली, आणि त्या बारकीच्या पायातली चप्पल निसटली. ती भर रस्त्यात खाली बसून शांतपणे पट्टा लावायला लागली. आणि वळणावर ट्रक दिसला.

त्या क्षणी मला तुझी आई दिसली. दुसरं काही दिसलं नाही. मग दोन वेण्यांची ती पोर मागे फिरली, ट्रककडे तोंड करून मधोमध उभी राहिली आणि हात वर केला. भावानं बहिणीला बखोटीला धरून उचललं, चप्पल दुसऱ्या हातात घेतली. ट्रक बराच लांब थांबला, आतल्या माणसानं पोरांना हात केला, आणि सगळी वरात पलीकडे पोचली. त्यांच्यावर नजर ठेवता ठेवता मला पलीकडच्या सिमेंटच्या पाइपांमागे तू दिसलीस. फाटकाशी नाही, तिथे. दोन्ही चपला हातात, अनवाणी, उकिडवी बसलेली, पळायच्या तयारीत. तुझा चेहरा पांढराफटक पडला होता. पोरं गेल्यावर तू खाली धुळीतच बसलीस आणि बाहीनं तोंड पुसलंस. मग मागच्या गल्लीनं अशी सुसाट धावत सुटलीस की पोरं पोचायच्या आत फाटकात हजर. मी सावकाश चालत आलो तेव्हा तू गळ्यात शिट्टी अडकवून हसत उभी होतीस. मागाहून आलेल्या बाईंनी विचारलं तर म्हणालीस, "मी इथेच होते. अगदी निवांत."

दोन दिवस मी एकच हिशेब करत राहिलो. खरं बोललो तर तू बाईंशी खोटं बोललीस हे उघड होणार, आणि कदाचित शाळाच हातची जाणार. गप्प बसलो तर मी कशावर कौल देत होतो? परवा सगळे जमले, खुर्च्या वळल्या, आणि मी उभा राहून सांगितलं की या वेळचा कौल माझा नाही. या कामाला माझ्यापेक्षा जास्त घाबरलेलं माणूस आहे, आणि ते म्हणजे तू. पाइप, चपला, धावणं, सगळं सांगितलं. कारकून काका लालबुंद झाले, म्हणाले ही फसवणूक आहे. सुतारदादा हसायला लागले आणि मग एकदम हसायचे थांबले. बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "नियम तोच आहे. तिनं पाहिलंय, तीच घाबरली आहे. तिलाच विचारा." तर पोरी, कचेरीचा निरोप येईल तो एवढाच असेल. पोरांनी रोज चालत यायचं की नाही, याचा कौल तुझा आहे. हो म्हणालीस तर शाळा तुझी, पण पाइपांमागे कोणी बसायचं नाही, तूसुद्धा नाही. नाही म्हणालीस तर काय, हे तू आधीच सांगून ठेवलं आहेस.

तू काय ठरवशील ते मला माहीत नाही. तू हो म्हणालीस तर रोज सकाळी मी त्या रस्त्याला घाबरणार आहे, मरेपर्यंत. पण त्याहून मोठी भीती मला त्या पाइपांपाशी वाटली. मला वाटायचं माझी ही खोड माझ्याबरोबरच संपेल, तू तर दांडगी, पाण्यात वाढलेली. आणि तिथे माझाच चेहरा तुझ्या खांद्यावर बसलेला बघितला. हे ओझं आता तू उचलणार, एकटी, आणि मला ते हलकं करता येत नाही. पण एक गोष्ट मी बैठकीत सांगितली नाही, ती तुझ्याशिवाय कोणाला सांगायची नव्हती म्हणून हे पत्र लिहायला बसलो. ट्रक दिसला तेव्हा मी टायरांमागून निघून रस्त्याकडे धावत सुटलो होतो. त्या दुकानदारानं मागून माझी कॉलर धरली आणि सोडली नाही. मी मधे घुसलो असतो तर पोरं माझ्याकडे बघत बसली असती, आणि पुढचं मला लिहवत नाही. तुझी भीती माझ्याएवढीच होती, मी पाहिली आहे. तुला तिथे धरून ठेवायला कोणी नव्हतं, तरी तू जागची हलली नाहीस.

तुझाच, अजून काठावर बूटमोजे घालूनच बसलेला,
बाबा