लासूरनं तुमच्याच नावाला उत्तर दिलं

सर,

तुमचं गारखेड्यातलं घर या आठवड्यात पाडायला घेतील. काकूंनी ते बिल्डरला दिलं, आणि त्यांना दोष देववत नाही. नळाला पाणी येत नाही, टँकरवाला फोन उचलत नाही, एकट्या बाईनं किती दिवस बादल्या वाहायच्या? गच्चीवरचा एरियल उतरवण्याआधी लासूर स्टेशन गावचा हॅम रेडिओ, आपल्यासारख्याच हौशी माणसाचा, अजून आपल्याला ऐकतो का, एवढं एकदा बघू द्या, असं मी त्यांना म्हटलं. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या गच्चीवरून लासूर मिळत नाही. मधल्या इमारतींनी ती दिशाच बुजवली आहे. शहराच्या वाढीविरुद्ध मी इतक्या सभा गाजवल्या, त्यानं एक मजला कमी झाला नाही.

तुमचा जुना कॉम्प्युटर अजून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे, कारण एरियलची वायर त्याच खिडकीतून आत येते. इथंच तुम्ही मला झापलं होतं. त्या दुष्काळात मी पाण्यावर भाषणं करून घसा बसवून आलो होतो आणि आता रेडिओवरूनही हेच गावोगाव सांगू, असा हट्ट धरून बसलो होतो. काकू भाकरी थापतायत. तुम्ही म्हणता, "लई बोलतोस तू. हे यंत्रसुद्धा वाट मोकळी आहे का ते आधी ऐकतं, मग पाठवतं. तू कधी ऐकतोस?" काकू हसतात, मला राग येतो. पुरात, भूकंपात रेडिओ चालतो, मग तहानेला का नाही, असं मी भांडलो. तुम्ही भाकरी मोडत सांगितलंत की पुरात तारा तुटतात म्हणून रेडिओ लागतो; दुष्काळात फोन चालूच असतात, पलीकडे कोणी ऐकत नसतं.  

काल दुपारी मशीन सुरू केलं. कुठला संदेश कुठल्या रेडिओ-स्टेशनमार्गे पुढं न्यायचा हे ठरवणारा तुमचा प्रोग्राम चालू झाला, पण ज्यात आपण टाइप करतो तो टर्मिनल प्रोग्राम त्याला जोडला जाईना. मी टर्मिनल थेट रेडिओच्या मोडेमला जोडत होतो, आणि मोडेम तर त्या दुसऱ्या प्रोग्रामनं आधीच धरून ठेवलेला. शेवटी उमगलं की टर्मिनलनं रेडिओशी बोलायचंच नाही, फक्त त्या प्रोग्रामशी बोलायचं; पुढचं तो बघतो. तसा पोर्ट बदलला आणि पडद्यावर शेजारच्या रेडिओ-स्टेशनांची यादी आली. यादीत एकटं लासूर होतं.

जोडणी मागितली. मिळाली. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. प्रोग्राममध्ये कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, तुमचाच राहिला होता, तुमच्याबरोबर बंद झालेला. लासूरच्या पडद्यावर माझं नाही, तुमचं नाव उमटलं.

पलीकडे तुमचा तो विद्यार्थी होता, मेंढपाळाच्या घरातला, मोटारी दुरुस्त करणारा. तुम्हाला खांदा द्यायला तो होता, म्हणजे हे तुम्ही नाही हे त्याला पक्कं ठाऊक. तरी इंग्रजी अक्षरांत त्याची मराठी आली: "सर, कुठं होतात इतके दिवस?"

मी कोण ते लिहायला हवं होतं. मी लिहिलं, "इथंच."

मग तो सांगत गेला. "बोअर आटला सर. मेंढरं इकली. पोरगा वाळूजला कंपनीत हाय, तिकडंच चाललो. रेडिओ बंद करतो आता. तुमाला सांगून करावा म्हनलं."

मला त्यानं असलं कधी सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायचा, नगं, तुमी स्टेजवर सांगाल. मी "बरं" एवढंच टाइप केलं. थोड्या वेळानं लासूर यादीतून गेलं. काकूंनी विचारलं, लागलं का रे? मी म्हटलं, लागलं.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहितो. त्याच्या ओळी एकेक करून उमटत होत्या आणि माझे डोळे भरून आले होते, हे खरं आहे. पण त्याच वेळी, सर, "तुमाला सांगून करावा म्हनलं" हे वाक्य उद्याच्या सभेत सुरुवातीला घ्यावं की शेवटी, हे मी ठरवत होतो.