डोळ्यावरची चपटी काच

असोदा,
ता. १० एप्रिल १९५७

आत्या, पाया पडते. इकडे सगळे बरे आहेत. आईच्या गुडघ्याची सूज उतरली. केळीची काढणी चालू आहे. तिकडे पहूरला ऊन फार असेल.

लग्नाआधी पोरीचे डोळे दाखवा, असं तू म्हणाली होतीस, म्हणून आबांनी मला जळगावला नेलं. चष्मा लागला. भिंगं एवढी जाड की आई म्हणे, "व माय, घुबड आलं घरात!" पण आता डाळीतले खडे दिसतात. आजवर मी निवडलेली डाळ कशी खाल्ली तुम्ही, विचारलं, तर म्हणते, "गुपचूप खाल्ली."

डॉक्टर म्हणाले, बुबुळावरची काच सगळ्यांची फुगीर असते, माझी जन्मापासून चपटी आहे. म्हणजे चौथीत गुरुजी आळशी म्हणून मारायचे ते उगाच. मी शाळा सोडली तीपण उगाच.

मग त्यांनी आबांना विचारलं, "तुम्ही नवरा-बायको नात्यातले?"

आबा हो म्हणाले.

"मग हिला नात्यात देऊ नका. पोरांचे डोळेही असे निघू शकतात."

"नाही साहेब, परक्यात ठरलंय," आबा म्हणाले.

मी शेजारीच होते.

परतताना गाडीत आबा म्हणाले, "घरी बोलू नको. बाहेर तुले कोन करीन?" त्यांना रागावू नको आत्या. माझ्याच काळजीने बोलले.

पण आखाजीच्या सणाला माझ्यासाठी लग्नाचं कुंकू आणू नको.

इथून पुढे तुला लिहिते. तुझ्या आईला वाचता येत नाही, माझी पत्रं तूच वाचून दाखवतोस, मला माहीत आहे. म्हणून तर इतकी वर्षं पत्रात नुसती केळी आणि गुडघे.

तुझे डोळे चांगले आहेत. पण चांगल्या डोळ्याच्या माणसाच्या रक्तातही हे असू शकतं म्हणे. उद्या आपला पोरगा शाळेत मार खाईल आणि का खातो ते मला ठाऊक असेल. ते मला नाही जमणार.

तू नको आहेस असं नाही. ही एक ओळ आत्याला वाचून दाखवू नको. बाकी सगळं मोठ्याने वाच, मधे थांबू नको. लग्नाला नाही कोण म्हणालं, असं कुणी विचारलं तर माझं नाव सांग.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणून आईने लहानपणापासून तुझं नाव घेऊ दिलं नाही. आता घेते.

शालिग्राम, आत्याला सांभाळ.

तुझ्या मामाची मुलगी,
कौतिक